हेडलाइट मंद आणि फोकस वाकडा: नवा बल्ब घेण्याआधी काय बघायचं

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय. त्यांची २०१३ ची छोटी हॅचबॅक आहे, पुढे एच-फोर बल्ब, म्हणजे अप्पर आणि डिपर एकाच बल्बात. धुळ्याला दवाखान्यात ड्यूटी असते आणि आठवड्यातून चार रात्री त्या एकट्या परत येतात. डिपरवर रस्ता दिसत नाही, अप्पर टाकला तर झाडांचे शेंडे दिसतात. आणि एवढा उजेड कमी असूनही समोरून येणारा प्रत्येक जण त्यांना अप्पर-डिपर मारतो. गॅरेजवाल्याने शंभर-नव्वदचे, म्हणजे अप्परला १०० आणि डिपरला ९० वॅटचे बल्ब टाकायला सांगितलं. धाकटा भाऊ म्हणतो, एलईडी मागवून घे. या दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

ताई, सध्या कुणाचंच ऐकू नका.

मी तीस वर्षं पारोळ्याकडे हायवेलगत गाड्यांची वायरिंग करतोय. रावेर-सावद्याची केळी घेऊन निघालेल्या गाड्या, कापसाच्या ट्रॉल्या, लग्नसराईतल्या जीपा, सगळं बघितलंय. दिवे लागायच्या वेळेला कुणीतरी येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "रातले रस्ताच दिखत नही, भो." त्याच्या हातात नव्या बल्बचा खोका असतो. खोका बाजूला ठेवून गाडी तपासली की बहुतेक वेळा बल्ब बिचारा ठीक निघतो. उजेड बॅटरीपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी सांडलेला असतो. ती जागा न शोधता मोठा बल्ब लावणं म्हणजे फुटक्या पाइपलाइनवर जास्त एचपीची मोटर बसवणं.

तुमच्या तक्रारीतच अर्धं उत्तर आहे. स्वतःला दिसत नाही आणि समोरच्याला मात्र झोंबतं, म्हणजे काही उजेड तयार होतोय पण जायचा तिथे जात नाही. नुसता मंद दिवा कुणाच्या डोळ्यात जात नाही. म्हणून तुमच्या गाडीत एक नाही, दोन दुखणी असावीत असं मी धरून चालतो. एक फोकसचं, दुसरं उजेडाचं. दोन्ही वेगवेगळी तपासायची आणि फोकस सगळ्यात शेवटी बांधायचा. आधी फोकस बांधला आणि मग बल्ब काढला-घातला की केलेलं काम वाया.

फोकसचा हिशोब सोपा आहे, पण तो कुणी समजावून सांगत नाही. तुमच्या गाडीच्या लाइटचा मध्य जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटर वर आहे असं धरू. डिपरची वरची कड एक टक्का खाली झुकलेली असेल, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर, तर ती ६५ मीटरवर जमिनीला टेकते. तीच कड दोन टक्के झुकली तर साडेबत्तीस मीटरवरच उजेड संपला. बल्ब तोच, करंट तोच, आणि रस्ता निम्मा. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अंधारात उभी असलेली बिनरिफ्लेक्टरची बैलगाडी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपले. उलट कड अर्धा-एक टक्का वर गेली की ती थेट समोरच्याच्या डोळ्यात. सेंटिमीटरचा खेळ आहे हा सगळा.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पहिलं काम बिनपैशाचं. दिवसा बॉनेट उघडा, लाइटच्या मागचं रबरी बूट काढा, होल्डर ओढा, स्प्रिंगची तार बाजूला करा आणि बल्ब बाहेर घ्या. गाडी थोडा वेळ बंद असू द्या, नाहीतर बोटं भाजतील. काचेला हात लावू नका, बुडाला धरा. हॅलोजन बल्बची काच क्वार्ट्झची असते, तिला बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या.

बल्ब उजेडात धरून नीट बघा. आत दोन तारा दिसतील. त्यातल्या पुढच्या तारेखाली चमच्यासारखी पत्र्याची छोटी वाटी आहे. ती तार डिपरची, आणि सगळी गंमत त्या वाटीत आहे. वाटीमुळे खाली जाणारा उजेड अडतो आणि लाइटच्या आतल्या आरशाच्या, म्हणजे रिफ्लेक्टरच्या, फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो. तिथून तो परतून खाली रस्त्यावर येतो. अप्परच्या तारेला वाटी नसते, म्हणून अप्पर सगळीकडे फेकतो. आता बल्बच्या गळ्याभोवतीची चकती बघा. तिला तीन कान आहेत, एक रुंद आणि दोन अरुंद. रुंद कान वर, त्याच्या खाचेत. हे तीन कान नीट बसले तरच वाटी बरोबर खाली येते. घाईत कुणी बल्ब तिरका दाबून वरून तार अडकवली की वाटी कलते, आणि जो उजेड खाली जायचा तो एका बाजूने वर उसळतो. रस्ता अंधारात, समोरचा आंधळा. तुमची तक्रार शब्दशः हीच आहे. मागच्या वेळी बल्ब कुणी बदलला, पेट्रोल पंपावर की घाईगर्दीत रस्त्याच्या कडेला? मला तिथेच संशय आहे.

कान बसवून तार लावल्यावर बल्ब बोटांनी हलवून बघा. जराही डुलला तर तार ढिली झालीय किंवा लाइटच्या मागची खाच तुटलीय. खडीच्या रस्त्यावर असा बल्ब नाचतो आणि फोकस थरथरताना दिसतो.

बल्ब बाहेर आहे तोवर आणखी दोन गोष्टी बघून टाका. बल्बच्या काचेला आतून काळपट किंवा रुपेरी छटा आली असेल तर तो म्हातारा झालाय, जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना लावला की रस्ता लंगडा दिसतो. आणि निळसर काचेचे 'सुपर व्हाइट' बल्ब लावलेले असतील तर आधी ते काढा. निळा रंग म्हणजे गाळणी. ती पिवळा उजेड अडवते, आणि वैशाखातल्या धुळीत किंवा श्रावणातल्या पावसात उरलेला पांढरा उजेड डोळ्यासमोरच पसरतो. साधा, चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब घ्या. प्रमाणित व्होल्टेजवर तो अप्परला सुमारे १६५० आणि डिपरला सुमारे १००० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) देतो. अमळनेर-धुळे रस्त्याला तेवढा पुष्कळ आहे, फक्त तो पूर्ण रस्त्यावर आला पाहिजे.

दुसरी गोष्ट रिफ्लेक्टर. बल्बच्या भोकातून मोबाइलची बॅटरी मारून आत बघा. चांगला रिफ्लेक्टर आरशासारखा दिसतो. बल्बच्या वरच्या बाजूला राखेसारखा, धुरकट डाग असेल तर तिथली चकाकी जळलीय. डिपर त्याच वरच्या अर्ध्यावर चालतो हे आत्ताच सांगितलं, म्हणून डाग तिथे असला की डिपर मेला आणि अप्पर बरा, असं दिसतं. त्यावर उपाय नाही, अख्खा लाइट बदलायचा. फडक्याने आत पुसायचा मोह आवरा. ती चकाकी अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, फडक्याबरोबर निघून येतो. माझ्याकडे एकाने साबणाने धुतलेला रिफ्लेक्टर आणला होता. आतून नुसता राखाडी डबा!

आता लाइटची पुढची काच. काच म्हणतो आपण, पण तुमच्या गाडीला ती पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकच आहे. कंपनीतून तिच्यावर ऊन अडवणारा थर येतो. आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या वर जाणं नवीन नाही. दवाखान्याच्या आवारात दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी दहा वर्षांत तो थर गमावते आणि खालचं प्लास्टिक पिवळं, खरखरीत होतं. अशी काच दोन्ही गुन्हे करते. उजेड अडवते, आणि जो सुटतो तो इतस्ततः पसरवते. तोच पसरलेला उजेड समोरच्याला चकाकतो.

टूथपेस्टने घासलं की काच चकचकीत होते हे खरं आहे, पण ते चार दिवसांचं. नीट करायचं असेल तर भोवतीचा रंग चिकटपट्टीने झाकून पाणी लावत हजार, मग दोन हजार, मग तीन हजार नंबरचा वॉटर पेपर, त्यानंतर कंपाउंड, आणि शेवटी ऊन अडवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा कोट बहुतेक जण गाळतात, कारण त्याआधीच काच छान दिसायला लागलेली असते. मग सहा महिन्यांनी पुन्हा पिवळी. घासून पैसे घेणाऱ्याला आधी विचारा, "वरून कोट मारणार का?" पिवळेपणा आतल्या बाजूने असेल किंवा आत बाष्प धरत असेल तर घासून उपयोग नाही. बाष्पाचं कारण बहुतेक वेळा मागचं रबरी बूट हरवलेलं असतं. एच-फोरचं बूट बल्ब बदलताना काढतात आणि बसत नाही म्हणून फेकून देतात, हा मी रोज पाहतो तो आळस. तिथून धूळ जाते, कापसाच्या दिवसांत तंतू जातात, आणि रिफ्लेक्टरवर त्याची पुटं चढतात.

इथपर्यंतचं काम तुम्ही घरी करू शकता. पुढचं वायरचं. त्यासाठी व्होल्ट मोजायचा मीटर लागेल आणि मीटर धरणारा माणूस लागेल. तो शहाणा आहे का, हे ओळखायची खूण सांगतो.

बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, मग स्टिअरिंगखालचं बटण, मग लांब वायर, मग होल्डर, मग बल्ब, आणि तिथून अर्थच्या, म्हणजे परतीच्या वायरने बॉडीत जातो. जुन्या गाडीत या प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं व्होल्टेज गळतं. गेल्या पावसाळ्यात एक पिकअप आली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग उत्तम. बल्बवर ११.४. अडीच व्होल्ट वाटेत गेले, त्यातले १.६ पॉझिटिव्हच्या वायरीत आणि ०.९ अर्थमध्ये. बल्बला जे मिळालं त्यात उजेड निम्माच होता. तो माणूस तोवर तीन जोड्या बल्ब घेऊन बसला होता.

आता खूण. आधी ज्याने ती गाडी तपासली त्याने होल्डर बल्बमधून काढला, मीटरच्या सुया होल्डरमध्ये खुपसल्या आणि सांगितलं, "पूर्ण करंट येतोय, बल्बच खराब." रिकाम्या होल्डरमध्ये पूर्णच व्होल्टेज दिसणार! करंट वाहतच नसेल तर गळेल कुठून? नळ बंद असताना पाइपात प्रेशर भरपूर असतं, नळ उघडला की कळतं पाइप किती चोंदलाय. होल्डर बल्बला लागलेला, लाइट चालू, इंजिन चालू, आणि सुया होल्डरच्या मागून वायरीच्या कडेने आत, असं मोजलं तरच खरं. तुमचा मेकॅनिक होल्डर काढून मोजायला लागला तर त्याला चहा पाजा आणि गाडी दुसरीकडे न्या.

मोजमापं तीनच घ्यायची. पहिलं, इंजिन चालू, डिपर चालू, बॅटरीच्या दोन टोकांवर. साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. तेराच्या आसपास रेंगाळत असेल आणि रेस दिल्यावर लाइट उजळत असेल तर दोष हेडलाइटमध्ये नाही, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. बॅटरीची टोकं पांढऱ्या-हिरव्या बुरशीने माखलेली असतील तर गरम पाण्याने धुऊन, घासून, आवळून मग मोजा. दुसरं, लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी बल्बच्या डिपरच्या पात्यावर, म्हणजे बल्बच्या बुडाच्या, होल्डरमध्ये जाणाऱ्या पट्टीवर. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज त्या वाटेत गळतंय. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. तिसरं, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थच्या पात्यापर्यंत. इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्टने बसवलीय तो बोल्ट शोधायचा. बंपर काढून रंगवलेल्या गाड्यांत या बोल्टखाली रंगाचा थर बसलेला असतो. घासून पत्रा उघडा करा, वायर आवळा, वर ग्रीस लावा. किती लाइट मी एवढ्याच कामावर परत पाठवलेत, मोजदाद नाही.

होल्डर मात्र डोळ्यांनीच कळतो. तीन पात्यांच्या खाचांपैकी एकीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, फुगलंय का बघा. ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो. खाच ढिली होऊन तिथे एक व्होल्ट जरी गळायला लागला तरी नखाएवढ्या पितळेत साडेचार वॅटची उष्णता सतत. खाच आणखी ढिली होते, आणखी तापते, शेवटी वितळते. असा होल्डर घासून सुधारत नाही, कापून नवा लावायचा. सिरॅमिकचा मिळतो तो घ्या, आणि जोड नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला नको, नीट क्रिंप किंवा सोल्डर हवा.

गाडीची वायर जुनीच राहणार असेल आणि दुसऱ्या मोजमापात एक व्होल्टच्या वर गळती असेल तर रिले लावा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बल्बचा मोठा करंट स्टिअरिंगखालच्या बटणातून फिरवायचाच कशाला? बटणाने फक्त रिले ओढायचा आणि बल्बला करंट बॅटरीवरून जाड वायरीने, जवळच्या जवळ द्यायचा. डिपरचा एक रिले, अप्परचा एक. अडीच एमएमची चांगली तांब्याची वायर, रिलेची ३० नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीला, ८७ नंबरची बल्बला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत. फ्यूजशिवाय रिले किट लावलेल्या गाड्या मी पाहिल्यात, आणि त्यातल्या एकीचं बॉनेट जळालेलंही पाहिलंय. काही जपानी घडणीच्या गाड्यांत बटण पॉझिटिव्ह नाही तर निगेटिव्ह तोडतं, तिथे बल्बची सामाईक पिन पॉझिटिव्ह असते आणि साधं तयार किट उलटं चालतं. म्हणून कुठल्या वायरीत काय आहे हे मीटरने बघूनच जोडायला सांगा. नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्यांना हे करू नये. तुमच्या गाडीला चालेल असं दिसतंय, पण वायरिंग बघितल्याशिवाय शब्द देत नाही.

शंभर-नव्वदच्या बल्बबद्दल माझंच उदाहरण देतो. तरुणपणी मी माझ्या जुन्या जीपला शंभर-नव्वद लावले. रिले लावणार होतो, पुढच्या आठवड्यात. त्या आठवड्यात एका लग्नाहून परतताना चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट उतरत होतो, मागे बायका-पोरं. वळणावर आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला, मग दोन्ही लाइट एकदम गेले. बटणाच्या आतलं प्लास्टिकच वितळलं होतं. पार्किंगच्या दिव्यावर, मागच्या ट्रकवाल्याच्या मेहेरबानीने खाली आलो. ९० वॅट म्हणजे एका बाजूला साडेसात अँपिअर, दोन्ही मिळून पंधरा. वायर ५५ च्या हिशोबाची. करंट दीडपटीहून जास्त वाढला की वाटेतली गळतीही तेवढीच वाढते, म्हणजे उजेड वाढायचा तेवढा वाढत नाही, उष्णता मात्र रिफ्लेक्टरला आणि होल्डरला भोगावी लागते. शिवाय मंजूर वॅटपेक्षा मोठा बल्ब नियमातही बसत नाही. गॅरेजवाला वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. बल्ब विकणं पाच मिनिटांचं काम आहे, अर्थचा बोल्ट शोधणं दोन तासांचं.

भावाच्या एलईडीचं दुखणं वेगळं. करंट कमी लागतो, हा त्याचा गुण खरा. पण तुमचा रिफ्लेक्टर एका बारीक तारेसाठी आखलेला आहे, तीही ठरलेल्या जागी आणि खाली वाटी असलेली. त्या जागी दोन बाजूंना चकत्या लावलेला एलईडी घातला की उजेड एका बिंदूतून निघत नाही, आणि रिफ्लेक्टरला काय करावं ते कळत नाही. गाडीच्या पुढे दहा मीटर रस्ता दुधासारखा पांढरा होतो, त्याने माणूस खूश. त्या जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि पन्नास मीटरवरचा काळा बैल आणखीच दिसेनासा होतो. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी, तिथे अख्खा लाइट त्यासाठीच घडवलेला असतो.

आता फोकस. हे काम भिंतीवर होतं. आमच्याकडे हंगाम संपला की जिनिंगच्या आवारातली लांब भिंत मोकळी असते, मी तिथे करतो. तुम्हाला शाळेचं किंवा बाजार समितीचं आवार चालेल. जमीन सपाट हवी, आणि सपाट म्हणजे डोळ्यांना सपाट दिसते ती नव्हे. गवंड्याची पाण्याची नळी लावून एकदा बघितलेली बरी. चारही चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस. स्टिअरिंगच्या बाजूला लाइट वर-खाली करायचं छोटं चाक असेल तर ते शून्यावर. हे चाक म्हणजे मागे गव्हाची पोती किंवा पाहुणे भरले की नाक वर उचललेल्या गाडीचा फोकस तात्पुरता खाली घ्यायची सोय. लोकांना ते ठाऊकच नसतं, मुलं खेळताना फिरवतात आणि ते तीनवर जाऊन बसतं. ताई, तुमच्या गाडीला असेल तर तेवढं आधी बघा. तीनवर असेल तर रस्ता न दिसण्याचं एक कारण फुकटात सापडलं.

गाडी नाक टेकेल इतकी भिंतीजवळ न्या. दोन्ही लाइटच्या मध्यासमोर खडूने फुल्या मारा. फुल्यांतून एक आडवी रेघ, आणि प्रत्येक फुलीतून उभी रेघ. मग गाडी सरळ मागे घ्या, लाइटपासून भिंतीपर्यंत पाच मीटर. एक-दोनदा बॉनेट दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. डिपर लावा, एक लाइट पुठ्ठ्याने झाका. जास्त वेळ झाकून ठेवू नका, प्लास्टिक तापतं. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल. उजवीकडे ती आडवी सपाट असते आणि मध्यापासून डावीकडे तिरकी वर चढते. आपण डावीकडून चालतो म्हणून डावी कड वर, कडेचा माणूस आणि मैलाचा दगड दिसावा यासाठी. उजवीकडे समोरचा येतो म्हणून तिथे कड खाली. ज्या कोपऱ्यावर कड वळते तो उभ्या रेघेवर यायला हवा आणि सपाट भाग आडव्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली. ते झालं एक टक्का. लाइटच्या मागच्या प्लास्टिकवर किंवा पुढच्या पट्टीवर १.०, १.२ असा टक्क्यांचा आकडा बहुधा कोरलेला असतो. तुमच्या गाडीवर १.२ असेल तर सहा सेंटिमीटर.

लाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खालीचा, एक डावी-उजवीचा. अर्धा-अर्धा फेरा फिरवा आणि भिंतीकडे बघा. स्क्रू फिरतोय पण कड हलत नाही असं झालं तर आतला प्लास्टिकचा गोळा तुटलाय. लाइट हाताने दाबल्यावर सबंध हलत असेल तर त्याचा कान तुटलाय, म्हणजे कधीतरी बंपर ठोकला गेलाय. अशा लाइटचा फोकस आज बांधला तर उद्या पहिल्या गतिरोधकाला सुटतो. आणि कड डावीकडे नव्हे तर उजवीकडे चढत असेल तर कुणीतरी उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेला लाइट बसवलाय. त्याला स्क्रूने काही होत नाही.

अप्पर वेगळा बांधावा लागत नाही, एच-फोरमध्ये तो डिपरबरोबर आपोआप येतो. झाडांचे शेंडे दिसतात ही तुमची दुसरी तक्रार त्यातच सुटायला हवी.

नियमातला आकडाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण घरच्या घरी त्याने तपासणी होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की लाइटपासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला लाइट दिपवता कामा नये. भावाला तिथे उभा करा, डोळे दीड मीटरवर येतील इतका वाकू द्या, आणि डिपर लावा. त्याने डोळ्यांवर हात घेतला की फोकस चुकलाय.

मध्येच एक आठवलं. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे वर्षभरात चार वेळा आले, प्रत्येक वेळी लाइट मंद. मीटर म्हणे सगळं बरोबर. शेवटी मीच म्हटलं, गुरुजी, एकदा डोळे दाखवा. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर येऊन म्हणाले, लाइट छान केलास रे. तुमचं वय तेवढं नसावं, पण ड्रायव्हरच्या समोरची काच आतून ओल्या कागदाने पुसून बघा. डॅशबोर्डला लावलेल्या पॉलिशची वाफ उन्हात काचेवर चढते, आणि समोरचा लाइट पडला की सगळी काच धुक्यासारखी होते.

तर या रविवारी घरी एवढं करा: चाक शून्यावर, बल्बचे कान, बूट, होल्डरचा रंग, लाइटच्या काचा आणि समोरची काच. नंतर भिंत. वायरसाठी माणूस बघायच्या आधी मात्र अंधारात एक गोष्ट पाहून मला कळवा. फक्त डिपर लावल्यावर डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अगदी बारीक मिणमिणतो का? मिणमिणत असेल तर एका लाइटची अर्थ सुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. करंटला घरी जायची वाट मिळत नाही म्हणून तो अप्परच्या तारेतून आडवाटेने जातोय, आणि त्या बाजूच्या दोन्ही तारा अर्धवट जळताहेत. तसं असेल तर तुमचं मंद दिसणं आणि समोरच्याला झोंबणं, दोन्ही एका बोल्टवर येऊन थांबेल. तो बोल्ट बहुधा बॅटरीच्या खालच्या बाजूला, नाहीतर लाइटच्या मागे बॉडीच्या पट्टीवर असतो. दहा नंबरचा पाना लागेल.